नववी खोली

माणसानं आयुष्यात निदान एका ठिकाणी तरी सार्वभौम असावं, तिथं दुसऱ्या कोणाचा शब्द चालू नये, असं माझं पूर्ण विचारान्ती झालेलं मत आहे. माझं साम्राज्य एकोणीस इंचांचं होतं, आणि तेही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजलं तर.

"माउस कुठे आहे?" हेमानं विचारलं. ती माझ्या खुर्चीत बसली होती. मांडीवर कागदांची पिशवी, आणि उजवा हात टेबलावर नुसताच चाचपडत होता.

"काढून टाकला."

"बिघडला?"

"नाही. लागत नाही मला."

"मला लागतो."

"तुलाही लागणार नाही. मी सगळी व्यवस्था करून ठेवली आहे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. चौथीच्या वर्गाला बावीस वर्षं शिकवलेल्या बाईची ती नजर होती. गृहपाठ केलाय, पण वही घरी राहिली, असं सांगणाऱ्या पोराकडे टाकतात तशी.

मार्चमधला रविवार होता, दुपारचे तीन वाजून गेले होते. मी तेव्हा पुसदला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होतो. हेमा, म्हणजे माझी बायको, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला झरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर. आमच्यात एकशे एक्याऐंशी किलोमीटर अंतर होतं. हे मी अंदाजानं सांगत नाही, अभियंत्यानं तसा सही-शिक्क्यानिशी दाखला दिला होता. नवरा-बायको लांब नोकरीला असतील तर एकाला दुसऱ्याजवळ बदली मागता येते. त्या सदराचं नाव 'पती-पत्नी एकत्रीकरण'. एकत्र यायचं असेल तर आधी आपण किती दूर आहोत हे इंजिनियरकडून मोजून आणावं लागतं. आम्ही अकरा वर्षं न मोजताच काढली होती. बदलीला कोणाची तरी ओळख लागते असं सगळे म्हणत, आणि आमची ओळख फक्त एकमेकांशी होती. त्या वर्षी पहिल्यांदा अर्ज ऑनलाइन झाले, तेव्हा हेमानं फोनवर सांगितलं, "ह्या वेळी भरते." रविवारी संध्याकाळी सहाला लिंक बंद होणार होती. तिच्या गावात नेटसाठी पाण्याच्या टाकीवर चढावं लागे. म्हणून शनिवारी सहा तासांचा एसटी प्रवास करून ती आली होती.

"मी म्हणत होते कॅफेत जाऊ," ती म्हणाली.

"घरात एवढा संगणक असताना?"

"तो चालू आहे का पण?"

चालू होता. आमच्या कॉलेजातले ढगे सर एकदा चहाला आले होते, तेही पंधरा मिनिटं त्याच्यासमोर बसून हाच प्रश्न विचारून गेले होते.

तर त्याबद्दल थोडं सांगतो. संगणकावर खिडक्या उघडतात, एकमेकींवर चढतात, कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारली की मिटतात. कोणती खिडकी कुठे आणि केवढी, हे ठरवणारा एक प्रोग्राम मागे बसलेला असतो. त्याला विंडो मॅनेजर म्हणतात. कॉलेजच्या हेडक्लार्कसारखं त्याचं असतं, रजेवर गेल्याशिवाय तो आहे हे कळत नाही. मी मुळातला काढून दुसरा बसवला होता. हा नवा आला तेव्हा काही म्हणजे काही करत नव्हता. नुसता काळा पडदा. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, घड्याळ नाही. त्याला काय हवं ते टर्मिनलच्या चौकटीत एकेक ओळ हुकूम टाइप करून सांगायचं. ही कळ दाबली की ते उघड, ही खिडकी डावीकडे, ती उजवीकडे. सांगितलेलं तो ताबडतोब करी आणि न सांगितलेलं कधीच करत नसे. असा सहवास मला तोवर लाभला नव्हता. हुकूम कायमचे राहावेत म्हणून ते एका फाइलीत लिहून ठेवायचे. बायकोची झरीची नेमणूक तात्पुरती आहे, असं आम्ही म्हणत होतो त्या वर्षी मी ती फाइल सुरू केली. एव्हाना सातशे बारा ओळी झाल्या होत्या.

त्याची एक पद्धत मला विशेष आवडे. एकच खिडकी उघडी असेल तर सगळा पडदा तिचा. दुसरी उघडली की पहिली मुकाट्यानं अर्धी होते. आणि एकावेळी डोळ्यांसमोर नको असलेलं ठेवायला मागे नऊ पडदे असत, कळ दाबली की पुढे येणारे. मी त्यांना खोल्या म्हणे. घर दोन खोल्यांचं आणि संगणक नऊ खोल्यांचा, अशी माझी परिस्थिती होती.

हेमा येणार म्हणून मी तीन दिवस खपलो होतो. दोन नंबरची खोली तिला दिली. अक्षरं मोठी केली, पडदा काळ्याचा फिकट पिवळा केला, ब्राउझर आपोआप उघडेल असं केलं. एकतीस ओळी लागल्या. त्यांच्या डोक्यावर मी लिहिलं, 'हेमासाठी'. अशी ओळ लिहिताना आधी एक खूण टाकायची असते, म्हणजे संगणक ती ओळ वाचत नाही. ती माणसानं वाचायची असते. माझी फाइल वाचणारं माणूस नसल्यानं तोवर अशी ओळ मी एकही लिहिली नव्हती.

"टॅब दाबत राहा," मी म्हटलं. "चौकट बदलते."

"आणि मागे जायचं असेल?"

"शिफ्ट धरून टॅब."

"आणि तुम्हाला बाजूला सरकवायचं असेल?"

मी स्टूल थोडं मागे घेतलं.

साइट हळू होती. एका पानावरून दुसऱ्या पानावर जायला ती तेवढाच वेळ घेई, जेवढा पुसदहून दिग्रसला जायला लागतो. हेमा एकेक चौकट भरत होती. नाव, शालार्थ क्रमांक, रुजू दिनांक. अंतराचा दाखला तिनं डोळ्यांजवळ धरून वाचला.

"एकशे एक्याऐंशी. मी एकशे सत्तरच समजत होते."

"इंजिनियर आर्णीवरून मोजतो."

"म्हणजे अकरा वर्षं रोज अकरा किलोमीटर जास्त लांब होतो आपण. कळलं नाही."

शाळांचे वीस पसंतीक्रम द्यायचे होते. तिनं वहीच्या पानावर यादी करून आणली होती. पुढं कंसात पुसदपासूनचं अंतर आणि बसची वेळ.

"एक नंबर शेंबाळपिंपरी. सकाळची गाडी आहे. संध्याकाळी सहाला घरी."

"रोज?"

"नाही, फक्त गुरुवारी," ती म्हणाली. "रोजच ना हो. बदली म्हणजे रोज."

"तसं नव्हे. प्रवास रोज, असं विचारत होतो."

"बरं."

विसावी शाळा भरून व्हायला पाच पस्तीस झाले. तिनं पदराला हात पुसले, 'सादर करा' ह्या बटणावर टॅबनं आली आणि एंटर दाबलं. पान करडं झालं आणि तसंच राहिलं.

"झालं?"

"झालं असेल. हळू आहे साइट."

"मग चहा टाकते. पोहे पण करते. दुपारी तुम्ही काय जेवलात ते पाहिलं मी."

ती आत गेली. पोहे कुठल्या डब्यात आहेत ते तिनं विचारलं नाही. तो डबा तिनंच अकरा वर्षांपूर्वी ठेवलेल्या जागी होता.

मी खुर्चीत बसलो. करडं पान हलेना. मग सवयीनं नऊ नंबरची कळ दाबली.

नववी खोली म्हणजे माझी अडगळ. नेटवरची पानं न विचारता बारक्या खिडक्या उघडतात. अभिनंदन, तुम्ही जिंकलात. तुमच्या जवळपासच्या एकाकी महिला. एकदा वैतागून मी फाइलीत नियम लिहिला होता, की आपण न उघडलेली कोणतीही बारकी खिडकी आवाज न करता थेट नऊ नंबरमध्ये टाकावी. आठवड्यातून एकदा जाऊन मी तिथला केर काढी. एकतीस ओळी लिहिताना तो नियम माझ्या डोक्यातही आला नाही. पाच वर्षांत त्यानं कधी तक्रारीला जागा दिली नव्हती.

तिथं एकच खिडकी होती. वर जिल्हा परिषदेचं बोधचिन्ह, खाली लिहिलेलं, 'वरील माहिती अचूक असून मी अंतिम सादरीकरणास संमती देते.' पुढं टिचकीची चौकट, रिकामी. तिच्याखाली दोन बटणं. 'अंतिम सादर करा' आणि 'रद्द करा'. आणि तळाशी लाल अक्षरात उलटं घड्याळ. सत्र संपण्यास सतरा मिनिटे पाच सेकंद. चार सेकंद.

हे सापडलं म्हणून मला बरं वाटलं, हे नोंदवून ठेवतो. हाक मारायला मी तोंडही उघडलं.

"अहो, ऐकता का?" तीच आतून म्हणाली.

"हो."

"कॉटचा विचार केला मी गाडीत. आतल्या खोलीत दोन कॉट मावतात, कपाट बाहेर आणलं तर."

"बाहेर कुठे?"

"तुम्ही बसता तिथे."

"आणि मी?"

"गॅलरीत. वर पत्रे टाकून घेऊ. नाहीतरी तुम्हाला अंधारच लागतो."

पंधरा मिनिटं चाळीस सेकंद.

"उन्हाळ्यात पत्र्याखाली संगणक तापेल," मी म्हटलं.

"तापला तर बंद करायचा. माणसं करतात तसं."

कढईत मोहरी तडतडली. ती काहीतरी गुणगुणत होती. शब्द नव्हते, नुसती चाल. मे महिन्याच्या सुट्टीत ती सहा आठवडे येई. पहिले दहा दिवस आम्ही पाहुण्यासारखे एकमेकांची विचारपूस करत असू. मग हळूहळू ती चार वाजता पेपर घेऊन मागच्या पायरीवर बसायला लागे आणि मी ह्या टेबलाशी. जूनमध्ये तिला गाडीत बसवून आल्यावर मी दार लावून दोन मिनिटं तसाच उभा राही. त्या दोन मिनिटांत मला काय वाटे, हे मी कोणाला सांगितलेलं नाही. हेमाला तिच्या बाजूनं, झरीला कुलूप उघडताना काय वाटे, हे तिनंही मला सांगितलेलं नव्हतं.

"कोथिंबीर कुठे ठेवता?"

"ठेवत नाही."

"संपली?"

"आणत नाही. एकट्याला जुडी उरते."

"अकरा वर्षं बिनकोथिंबिरीचे पोहे?"

"जमतं."

"जमतं म्हणे," ती कढईला म्हणाली. मग मोठ्यानं, "आता रोज लागेल. आणि आईपण म्हणत होती, एकदा बदली होऊ द्या, पंधरा दिवस येते. तिला इंग्लिश संडास लागतो, ते पण पाहू."

"हो."

"तुम्ही नुसतं हो हो करून राहिले. ऐकता का?"

"गॅलरीत मी, खोलीत कपाट, आई पंधरा दिवस, संडास."

"हं. ऐकता."

नऊ मिनिटं. मला फक्त टॅब दोनदा दाबायची होती, मध्ये स्पेस, शेवटी एंटर. चार कळा. 'रद्द करा'साठी पाच. दोन्ही मला न बघता येत होत्या. इथवर मी काही ठरवलं नव्हतं, हे मी आजही सांगेन. ठरवणारा माणूस कोणतं तरी बटण दाबतो. मी हात मांडीवर ठेवून आकडे कमी होताना पाहत होतो. संख्याशास्त्राचा माणूस एकदा आकडे बघायला लागला की त्याला उठवणं कठीण.

चार मिनिटं दहा सेकंदांवर हेमाचा फोन वाजला. तिचे हात पोह्यांत होते. तिनं कोपरानं की कशानं तो स्पीकरवर टाकला.

"मॅडम, मडावी बोलतो." तिच्या शाळेतले सहकारी, तेही ह्याच अर्जाच्या मागे होते. "झाला का फॉर्म?"

"झाला सर, आत्ताच. तुमचा?"

"माह्याबी झाला बाप्पा कसाबसा. लयच हँग मारून राह्यली होती साइट. अन् पाहा, ते शेवटी एक बारकी खिडकी येते, त्यात टिक मारून 'अंतिम सादर' दाबा लागते. आमच्या राठोड सरांचं तेच राहून गेलं होतं, मी सांगतलं मंग. तुम्ही दाबलं न ते?"

आतलं गुणगुणणं केव्हाच थांबलं होतं. आता उलथनंही थांबलं.

"अहो," हेमा म्हणाली. "बारकी खिडकी आली होती का?"

तीन मिनिटं बावन्न सेकंद.

"हो," मी म्हटलं.

"दाबलं ना मग ते?"

"दाबलं."

"दाबलं म्हणतात," ती फोनला म्हणाली.

"मंग काही टेन्शन नाही मॅडम. मेसेज येते रात्रीपर्यंत."

उरलेली मिनिटं मी पाहिली नाहीत. म्हणजे पाहिली, पण आता त्यात काही नव्हतं. शून्य झाल्यावर खिडकीत दोन ओळी आल्या. सत्र समाप्त. आपला अर्ज सादर झालेला नाही. घड्याळात पाच पंचावन्न झाले होते. पाच मिनिटांत वीस शाळा पुन्हा भरून होत नाहीत, हे मी स्वतःला लगेच सांगितलं, आणि ते खरंही होतं. मी ती खिडकी मिटली. नववी खोली साफ झाली. दोन नंबरमध्ये फिकट पिवळ्यावर ते करडं पान होतं, तेही मिटलं.

हेमा दोन बशा घेऊन आली. पोह्यांवर कोथिंबिरीच्या जागी खोबरं होतं.

"बंद केलात?"

"काम झालं ना."

"तो पिवळा रंग बरा होता," ती म्हणाली. "काळ्यात तुम्ही कसे बसता कोणास ठाऊक."

संध्याकाळी ती शेजारच्या गावंडे काकूंकडे जाऊन आली आणि त्यांनाही बदलीचं सांगून आली. काकूंनी निरोप पाठवला होता की पत्र्याच्या कामाला त्यांच्या ओळखीचा माणूस आहे.

सोमवारी सकाळी सहाच्या गाडीला मी तिला सोडायला गेलो. स्टँडवर आम्ही उसाच्या रसाच्या बंद गाड्याशेजारी उभे होतो. हेमा फोन बघत होती, पिशवीत टाकत होती, पुन्हा काढत होती.

"मडावी सरांना रात्री साडेआठलाच मेसेज आला," ती म्हणाली.

"साइट हळू आहे."

"राठोड सरांनापण आला."

"एकदम हजारो जातात. मागेपुढे होतं."

"हं."

गाडी लागली. मी पिशवी वर ठेवली आणि खाली उतरून तिच्या बाजूला येऊन उभा राहिलो. तिनं काच सरकवली. कंडक्टर दोरीशी आला तेव्हा म्हणाली, "अहो."

"काय?"

"त्या पत्र्याच्या माणसाला इतक्यात बोलावू नका."

"का?"

"बघू," ती म्हणाली. "मेसेज येऊ द्या."

तिच्या आवाजात राग असता तर मी तिथंच सगळं सांगून टाकलं असतं असं मला वाटतं. राग नव्हता. पोराच्या वहीचं पान कोरं निघाल्यावर ती वही मिटून परत देते, तसा तो आवाज होता. गाडी सुटली. घरी येऊन मी दार लावलं आणि दोन मिनिटं उभा राहिलो. ह्या वेळी नेहमीचं ते काही वाटलं नाही. मग तिसरं मिनिट उभा राहिलो, तरी नाही.

मेसेजबद्दल तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. त्या मे महिन्यात ती दहाच दिवस आली, आईची तब्येत बरी नाही म्हणून. पुढच्या वर्षी अर्ज निघाले तेव्हा मी फोनवर म्हटलं, "ह्या वेळी कॅफेत जाऊ." ती म्हणाली, "भरला मी. वणी मागितली. आईचं गाव आहे, तिला बघायला होतं." वणी मिळाली. दोन खोल्या आहेत म्हणते, हवेशीर. मी पाहिलेल्या नाहीत. महिन्यातून एकदा फोन होतो, दिवाळीला दोनदा. ती तब्येत विचारते, मी पाऊसपाणी विचारतो.

आणि तो मार्चमधला अर्ज. एप्रिलअखेर कोणीतरी सेवाज्येष्ठतेच्या यादीवरून कोर्टात गेलं आणि सगळी प्रक्रिया स्थगित झाली. भरलेले अर्ज रद्द ठरले. मडावी सरांचा, राठोड सरांचा, सगळ्यांचे. त्या वर्षी जिल्ह्यात एकाही शिक्षकाची बदली झाली नाही.